‘९९०० एमएएच’चा सेल: आकडा फुगवलेला, धोका मात्र खरा

टॉर्च, बॅटरी पंप आणि बंदी असलेल्या ई-सिगारेटमध्ये एकाच जातीचा सेल. निवडताना नेमके काय बघायचे?

रब्बीचा हंगाम आला की आठवडी बाजारात टॉर्चचे ढीग लागतात. शेतीपंपाची थ्री फेज वीज अनेक गावांत अजूनही आलटून पालटून येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गहू, हरभरा, कांदा भिजवायला अंधारात शिवारात जावेच लागते. साप-विंचू आहेत, बिबट्याची भीती आहे. त्यामुळे डोक्याला बांधायची बॅटरी ही चैन राहिलेली नाही, ती खुरप्या-फावड्याइतकीच गरजेची झाली आहे.

या टॉर्चच्या पोटात बहुतेक वेळा बोटाएवढा जाड एक गोल सेल असतो. त्याच्या अंगावर इंग्रजी अंकांत १८६५० असे छापलेले असते. शेजारीच आणखी एक आकडा असतो: ४२००, ६८००, ९९०० एमएएच. गिऱ्हाईक हा दुसरा आकडा बघते, जास्त आकड्याचा सेल उचलते आणि स्वस्तात चांगला माल मिळाला म्हणून घरी जाते.

खरी गोम इथेच आहे. या मापाच्या सेलमध्ये ९९०० एमएएच बसतच नाही. हा आकडा सेलची ताकद सांगत नाही, तो सेल खोटा आहे एवढेच सांगतो. आणि खोटा सेल फक्त पैसे बुडवून थांबत नाही. तो पेटू शकतो, फुटू शकतो.

एकच सेल, दहा ठिकाणी

१८६५० हे कंपनीचे नाव नाही, माप आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. लिथियम आयन जातीचे सेल १९९१ मध्ये सोनी कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणले. ज्यांच्या संशोधनावर हे सेल उभे राहिले, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शोध मोठा होता यात शंका नाही. कमी वजनात भरपूर वीज साठवणारे दुसरे काही इतक्या स्वस्तात मिळत नाही.

म्हणून हा सेल सगळीकडे पोचला. जुन्या लॅपटॉपमध्ये तोच, पॉवर बँकेत तोच, नव्या बॅटरी फवारणी पंपात तोच, अनेक ई-स्कूटरच्या बॅटरीत असे शेकडो सेल जोडलेले. मोठ्या आकाराच्या ई-सिगारेटमध्ये, म्हणजे पोरे ज्याला ‘वेप’ म्हणतात त्यात, एक किंवा दोन सुटे सेल घालावे लागतात, तेही बहुतेक याच मापाचे.

वेपचा विषय इथे मुद्दाम घ्यावा लागतो. सुटा सेल माणसाच्या खिशात आणि तोंडाजवळ गेल्यावर काय होऊ शकते, याची सगळ्यात चांगली नोंद त्यातूनच झाली आहे. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन विभागाने २०१७ मध्ये अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात तिथे ई-सिगारेटला आग लागण्याच्या किंवा स्फोटाच्या १९५ घटना नोंदल्या गेल्या आणि १३३ जण जखमी झाले. त्यातल्या १२१ घटना उपकरण वापरात असताना किंवा खिशात असताना घडल्या होत्या. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटांत एकेक माणूस दगावला.

अहवालातली कारणमीमांसा गावातल्या टॉर्चलाही लागू पडते. गोल सेलच्या दोन्ही टोकांकडची बाजू सर्वांत कमजोर असते. आत वायू साठला की तो टोकातून बाहेर पडतो. सेल धातूच्या बंद नळीत असेल तर वायूला वाट मिळत नाही, आणि मग सेल किंवा नळीचा तुकडा दिवाळीच्या रॉकेटसारखा सुटतो. ॲल्युमिनियमची, रबरी रिंग लावलेली, पाणी आत न जाणारी टॉर्च म्हणजे तरी काय? धातूची बंद नळीच. फरक इतकाच की टॉर्च सेलकडून वीज हळू घेते आणि वेप एकदम ओढते. त्यामुळे टॉर्चमध्ये धोका कमी, पण नाही असे नाही.

आतमध्ये घडते काय?

सेलच्या आत दोन पातळ पत्रे गुंडाळी करून ठेवलेले असतात. त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो आणि सगळे एका द्रवात भिजलेले असते. हा द्रव पेट घेणारा असतो.

पडदा फाटला, वितळला किंवा बाहेरून प्लस-मायनस एकमेकांना चिकटले की सेल तापतो. तापला की आतल्या रासायनिक क्रिया वाढतात, त्यातून आणखी उष्णता तयार होते. एका टप्प्यानंतर हे चक्र थांबवता येत नाही. आधी फुस्स आवाज, मग पांढरा-करडा धूर, मग ज्वाळा. हे सगळे काही सेकंदांत होऊ शकते.

चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये यावर तीन-चार कुलपे असतात. दाब वाढला की वीज तोडणारी चकती असते, वायू सोडायची वाट असते, पडदाही चांगल्या दर्जाचा असतो. खोट्या सेलमध्ये यातले काय आहे आणि काय नाही हे कोणीच सांगू शकत नाही. काही सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले असतात. त्यांना नवे रंगीत कव्हर चढवले जाते आणि वर हवा तो आकडा छापला जातो. काहींच्या नळीत छोटा सेल आणि बाकी नुसते भरताड निघाले आहे.

एमएएच नव्हे, अँपिअर बघा

एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती. अँपिअर म्हणजे नळातून एका वेळी किती पाणी सुखरूप निघू शकते. गिऱ्हाईक टाकी बघते आणि नळ विसरते.

नावाजलेल्या कंपन्यांच्या १८६५० सेलची क्षमता साधारण २००० ते ३६०० एमएएचच्या दरम्यान असते. त्याच्यावरचा कोणताही आकडा दिसला की सेल खाली ठेवावा. याहून मोठा, २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब असा २१७०० नावाचा सेल मिळतो, तोसुद्धा ५००० च्या आसपास असतो.

दुसरी गोष्ट, एकाच मापाच्या नळीत टाकी वाढवली की नळ बहुधा बारीक होतो. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० एमएएचचा, पण तो सतत २० अँपिअर देऊ शकतो. एलजीचा एचजी२ ३००० एमएएचचा आणि २० अँपिअरचा. पॅनासॉनिकचा एनसीआर १८६५०बी सुमारे ३४०० एमएएचचा, पण त्याची मर्यादा सुमारे ५ अँपिअर. म्हणजे जास्त एमएएचचा खरा सेलसुद्धा चुकीच्या जागी लावला तर तापणार.

हिशेब सोपा आहे. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १० वॉटची टॉर्च एका सेलवर चालत असेल तर १० भागिले ३.७, म्हणजे पावणेतीन अँपिअर. कोणताही खरा सेल हे सहज पेलतो. ६० वॉटचे वेप एका सेलवर चालत असेल तर सेल उतरत आल्यावर हाच आकडा १९-२० अँपिअरवर जातो. ‘९९००’वाल्या सेलकडून हे मागणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचा माल लादणे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सॅमसंग आणि एलजी यांसारख्या सेल बनवणाऱ्या कंपन्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे की त्यांचे १८६५० सेल गिऱ्हाइकाला सुटे विकण्यासाठी नाहीत. ते संरक्षक सर्किटसह बंद बॅटरीत बसवण्यासाठी बनवले जातात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये लोकांना सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका, वापरू नका असा इशारा दिला. त्यामुळे बाजारात ‘ओरिजिनल सॅमसंग’ म्हणून सुटा सेल कोणी दाखवत असेल, तर तो अधिकृत वाटेने आलेला असण्याची शक्यता कमीच.

कायदा आहे, पण बाजारापर्यंत पोचतो का?

भारतात ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळे गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवून ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही चोरून विक्री होतेच, आणि पोलिसांच्या कारवायांत माल सापडत राहतो.

बंदीची दुसरी बाजू बोलली जात नाही. जी वस्तूच बेकायदा आहे तिच्या बॅटरीची तपासणी कोणी करत नाही. तिला बिल नाही, वॉरंटी नाही, फुटली तर तक्रार करायला जागा नाही. म्हणून ‘वेपसाठी कोणता सेल सुरक्षित’ या प्रश्नाला इथे एकच प्रामाणिक उत्तर आहे: ती वस्तूच घेऊ नका. आखाती देशांत कामाला असलेल्यांनीही गावाकडे येताना कोणासाठी ती आणू नये. आयातबंदीत तीही येते.

टॉर्च, पॉवर बँक आणि बॅटरी पंपाचे तसे नाही. या वस्तू कायदेशीर आहेत, आणि त्यांतल्या सेलसाठी नियमही आहे. भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजे बीआयएसचे, आयएस १६०४६ हे मानक लिथियम सेलसाठी आहे. हाताळायच्या वस्तूंत वापरायचे चार्जिंगचे सेल आणि पॉवर बँक २०१४ च्या अधिसूचनेने सक्तीच्या नोंदणीत आणले गेले. अशा मालावर मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा.

मोठ्या वाहनांच्या बाबतीत सरकार हलले, कारण आगी डोळ्यांसमोर लागल्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला उभी ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतर एआयएस-१५६ या वाहन मानकात कडक दुरुस्त्या झाल्या आणि त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आल्या.

सुट्या सेलच्या वाट्याला हा धाक आलेला नाही. बीआयएसची कार्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत. आठवडी बाजारातला विक्रेता आज या गावात, उद्या त्या गावात. माल पोत्यात, बिल नाही, पेटीवर बनवणाऱ्याचे नाव नाही. नियम कागदावर कितीही पक्का असला तरी ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगापर्यंत त्याचा हात पोचत नाही. त्यामुळे सध्या तरी तपासणीचे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनाच करावे लागणार आहे.

घेताना काय बघायचे

• आकडा: १८६५० वर ३६०० एमएएचपेक्षा जास्त लिहिले असेल तर घेऊ नका. टॉर्चच्या खोक्यावर असा आकडा असेल तर आतला सेलही तसाच समजा.

• वजन: खरा १८६५० सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. किराणा दुकानाच्या किंवा सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. तिशीच्या आसपास भरला तर आत भरताड आहे. वजन बरोबर भरले म्हणजे सेल चांगलाच असे मात्र नाही, कारण जुना लॅपटॉपचा सेलही तेवढाच भरतो.

• नोंदणी क्रमांक: मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप घ्या. त्यात आर-नंबर तपासायची सोय आहे. क्रमांक टाकला की कंपनीचे नाव आणि वस्तू दिसते. पेटीवर एक कंपनी आणि ॲपमध्ये दुसरीच दिसली तर माल परत करा.

• पूर्ण वस्तू घ्या: सुटा सेल विकत घेण्यापेक्षा सेल आत बसवलेली, संरक्षक सर्किट असलेली, बिल आणि वॉरंटीसह मिळणारी टॉर्च बरी. सुटा घ्यावाच लागला तर ‘प्रोटेक्टेड’ सेल मागा. त्याच्या बुडाशी छोटे सर्किट असते, त्यामुळे तो नेहमीच्या सेलपेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतो. आपल्या टॉर्चमध्ये बसतो का ते आधी बघा.

• बिल: कच्ची चिठ्ठी नको. दुकानाचे नाव, तारीख आणि वस्तूचे नाव असलेले बिल घ्या. पुढे तक्रार करायची तर ते लागते.

ज्यांना रोज तासन्‌तास उजेड लागत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. पेन्सिल सेलच्या आकाराचे निकेल मेटल हायड्राइड जातीचे चार्जिंगचे सेल मिळतात. ते १.२ व्होल्टचे असतात आणि त्यांत लिथियम सेलसारखा पेट घेणारा द्रव नसतो. उजेड थोडा कमी पडेल, पण घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले हाताळणार असतील तर हा पर्याय चांगला.

बॅटरी पंपाची वेगळी गोष्ट

फवारणी पंपात पूर्वी शिशाची १२ व्होल्टची बॅटरी असायची. ती जड, आणि दोन-तीन हंगामांत बसायची. आता अनेक जण गावातल्या मेकॅनिककडून तिच्या जागी लिथियमचे पॅक बसवून घेतात. पंप हलका होतो, पाठ दुखत नाही. पण इथे एक मोठी चूक होते: बॅटरी बदलली जाते, चार्जर जुनाच राहतो.

तीन लिथियम सेल एकामागे एक जोडले की पॅक पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टचे होते. त्याच्या पुढे त्याला एक कणही चार्ज द्यायचा नसतो. शिशाच्या बॅटरीचा चार्जर मात्र १४ व्होल्टच्या आसपास जातो. पॅकमध्ये वीज तोडणारे सर्किट नसेल, किंवा ते हलक्या दर्जाचे असेल, तर प्रत्येक सेलमध्ये जादा वीज कोंबली जाते. एक-दोन वेळा काही होणार नाही. हंगामभर असे चालले तर काय होईल याची खात्री नाही.

म्हणून पॅक बसवून घेताना मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. आत बीएमएस, म्हणजे संरक्षक सर्किट आहे का? चार्जर याच पॅकचा आहे का? सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळचे आणि नवे आहेत का? जुने-नवे मिसळलेल्या पॅकमध्ये सगळ्यात कमजोर सेलवर सगळा ताण येतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे पॅक मिळत असेल तर ते जास्त सुरक्षित समजले जाते. ते थोडे जड आणि महाग असते, पण तापले तरी सहजासहजी पेट घेत नाही. त्याचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि ३.६५ व्होल्टला भरतो. त्याला ४.२ व्होल्टचा साधा लिथियम चार्जर लावायचा नाही.

चार्जिंग कुठे आणि कसे

बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात सेल चार्ज करायचे तापमान शून्य ते ४५ अंश असे दिलेले असते. विदर्भ, मराठवाडा, खान्देशात मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारीच्या खोलीत किंवा ट्रॅक्टरच्या टपावर तो कुठे जात असेल याचा विचार करा. उन्हाळ्यात दुपारी सेल चार्ज करू नये. उन्हातून आणलेली टॉर्च लगेच चार्जिंगला लावू नये, आधी गार होऊ द्यावी.

जागेचे तर त्याहून महत्त्वाचे. अनेक घरांत टॉर्च आणि पंप गोठ्यात चार्जिंगला लागतात. शेजारी कडब्याची गंजी, गवत, खताची रिकामी पोती. एका सेलने पेट घेतला तर एरवी विझवता येईल अशी आग इथे जनावरांपर्यंत जाते. चार्जिंगची जागा फरशीवर किंवा शहाबादी दगडावर, भिंतीलगत, मोकळी असावी. उशाला, गोधडीवर, दाराच्या वाटेत नसावी. बाहेर पडायची वाटच आगीने अडवू नये. झोपताना चार्जर काढून ठेवा.

सेलचे प्लास्टिकचे कव्हर फाटले तर तो वापरू नका. या सेलचा वरचा टिकल्याएवढा भाग प्लस असतो आणि बाकी सगळी नळी मायनस. दोघांमध्ये फक्त ते पातळ कव्हर आणि वरची कागदी रिंग असते. कव्हर फाटलेला सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवला की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. कव्हर चांगले असले तरी सुटा सेल खिशात टाकू नये, प्लास्टिकच्या डबीत ठेवावा.

बरेच दिवस पडून राहिलेला सेल वायरमनकडून मल्टिमीटरवर तपासून घ्या. अडीच व्होल्टच्या खाली गेला असेल तर तो चार्ज करून जिवंत करायचा प्रयत्न नको. चार्ज होताना हात लावता येणार नाही इतका तापणारा, गळणारा, फुगलेला किंवा गोडसर-उग्र वास येणारा सेल लगेच बाजूला काढा.

पेटलाच तर

धूर दिसला की वस्तू हातात धरून बसू नका, टाकून द्या आणि लांब व्हा. मेन स्विच बंद करता येत असेल तर करा. धूर विषारी असतो, त्यामुळे घरातल्यांना बाहेर काढा. वीज तोडल्यावर लहान सेलवर लांबून भरपूर पाणी ओतायला हरकत नाही. पाण्याने तो गार होतो आणि शेजारचे सेल पेटायचे थांबतात. विझल्यासारखा दिसला तरी तो पुन्हा पेटू शकतो, म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बादलीत पडू द्या. आग वाढली तर १०१ किंवा ११२ वर फोन करा.

भाजल्यास जखमेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ, शाई काही लावू नका. चेहरा, डोळे किंवा हात भाजला असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

बाद सेलचे काय, आणि तक्रार कुठे

जुना सेल उकिरड्यावर टाकला आणि तिथे कचरा पेटवला तर तो फुटतो. विहिरीत किंवा ओढ्यात टाकणेही चूकच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बाद बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे हे ग्राहकाचे काम. गावपातळीवर अशी जमा करायची जागा बहुतेक ठिकाणी नाही. ग्रामपंचायतीने ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर बॅटरीसाठी एक वेगळा, झाकणाचा, वाळू घातलेला डबा ठेवला तरी सुरुवात होईल. तोपर्यंत सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा.

खोटा आकडा छापलेला माल विकणे ही फसवणूक आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बनवणारा आणि विकणारा या दोघांकडूनही भरपाई मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दाव्याचे शुल्क लागत नाही. बीआयएसचा शिक्का नसलेल्या किंवा खोटा क्रमांक छापलेल्या मालाची तक्रार ‘बीआयएस केअर’ ॲपवरूनच करता येते. दुकानदाराचे बिल आणि पेटीचा फोटो जपून ठेवा.

रात्रीची वीज दिवसा आली तर निम्मा प्रश्न सुटेल. सौर फीडरची कामे ज्या गावांत पूर्ण झाली, तिथे पिकाला पाणी द्यायला रात्री उठावे लागत नाही. ज्या गावांत ती झालेली नाहीत, तिथे डोक्यावरची बॅटरी लागणारच आहे. अशा गावांच्या आठवडी बाजारात वर्षातून दोनदा जरी बीआयएसचे पथक आले, रब्बीच्या तोंडावर एकदा आणि फवारणीच्या हंगामात एकदा, तरी ‘९९००’चे ढीग कमी होतील. बाजाराच्या जागेची पावती ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत फाडते. त्या वेळी विक्रेत्याचे नाव-गाव लिहून घेतले, तर उद्या काही झाल्यास जबाब विचारायला माणूस तरी सापडेल. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला पैसाही लागत नाही.